दुरुस्त झालेलीच गाडी पेटते तेव्हा

१ जुलै २०२१ रोजी सकाळी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, थेटफर्ड या गावी, एका घराबाहेर उभी असलेली शेव्हरोले बोल्ट ही विजेवर चालणारी मोटार पेटली. रात्री ती नेहमीप्रमाणे चार्जिंगला लावलेली होती. गाडीचे मालक त्या राज्याच्या प्रतिनिधीगृहातील ऊर्जा व तंत्रज्ञान समितीचे अध्यक्ष होते. म्हणजे विजेच्या गाड्यांविषयी मनात अढी असलेला हा माणूस नव्हे. शिवाय ही गाडी कंपनीने आधीच परत बोलावलेल्या गाड्यांपैकी होती आणि मालकांनी ती सर्व्हिस सेंटरला नेऊन सांगितलेली दुरुस्ती करूनही आणली होती. कंपनीच्या दप्तरी ती 'बरी झालेली' गाडी होती.

विजेच्या गाड्यांना लागणाऱ्या आगींच्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. पण या घटनेतला प्रश्न निराळा आहे. गाडीत दोष आहे हे कंपनीला कळले, कंपनीने ते जाहीर केले, मालकाने सांगितले ते केले, आणि तरीही गाडी जळाली. यात चूक कोणाची, यापेक्षा कुठल्या पायरीवर चूक झाली, हे पाहायला हवे. ती पायरी वैद्यकाच्या ओळखीची आहे.

जनरल मोटर्सने नोव्हेंबर २०२० मध्ये २०१७ ते २०१९ या वर्षांतील सुमारे ६८ हजार बोल्ट गाड्या जगभरातून परत बोलावल्या. तोवर काही गाड्या उभ्या असताना पेटल्या होत्या आणि धूर नाकातोंडात गेल्याने दोघांना त्रास झाला होता. नेमका दोष काय, ते तेव्हा ठाऊक नव्हते. पेटलेल्या गाड्या पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण चार्ज झालेल्या होत्या, एवढे दिसत होते. म्हणून सॉफ्टवेअर बदलून चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवले गेले. पुढच्या वसंतात नवे सॉफ्टवेअर आले. ते बॅटरी तपासणार, संशयास्पद वाटल्यास ती बदलणार आणि नाहीतर ९० टक्क्यांची मर्यादा उठवणार, अशी योजना होती. ताप आहे, कारण सापडत नाही, म्हणून तापाची गोळी दिली. मग एक तपासणी केली, ती 'नॉर्मल' आली आणि रुग्णाला घरी पाठवले, असा हा प्रकार. थेटफर्डची गाडी अशी घरी पाठवलेली होती. त्याच सुमारास दुरुस्ती झालेली आणखी एक गाडी पेटली. तीन आठवड्यांत कंपनीने त्याच गाड्या पुन्हा परत बोलावल्या आणि २० ऑगस्टला आजवर बनलेल्या सगळ्याच बोल्ट, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या या यादीत आल्या.

दोष शेवटी सापडला तो सेलमध्ये. बोल्टच्या बॅटरीत २८८ चपटे सेल असतात. प्रत्येकात ऋण आणि धन अशा दोन बाजूंचे पातळ थर एकमेकांवर रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकची एक अतिशय पातळ सच्छिद्र पट्टी असते. ही विभाजक पट्टी म्हणजे सेलचा खरा पहारेकरी. लिथियमचे आयन तिच्यातून जा-ये करतात, पण दोन्ही बाजू एकमेकींना भिडत नाहीत. एलजीच्या कारखान्यात बनलेल्या काही सेलमध्ये ऋण बाजूची धातूची जोडपट्टी फाटलेली आणि विभाजक पट्टी दुमडलेली निघाली. यातला एकच दोष असेल तर सहसा निभावते. दोन्ही दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले की धोका. चार्ज होताना सेल किंचित फुगतो, रिकामा होताना आक्रसतो; अशा शेकडो वेळांनंतर एखाद्या दिवशी दोन्ही बाजू आतल्या आत भिडतात.

पुढचे वेगाने घडते. आतल्या शॉर्टसर्किटने सेल तापतो, साधारण १३० अंशांच्या आसपास विभाजक पट्टी वितळते, मग शॉर्टसर्किट आणखी पसरते. आणखी तापल्यावर धन बाजूचे रसायन स्वतःच ऑक्सिजन सोडू लागते. म्हणूनच ही आग झाकून, घुसमटवून विझत नाही. एक सेल शेजारच्या सेलला तापवतो, तो त्याच्या शेजाऱ्याला. सेल जितका जास्त चार्ज तितकी त्यात साठलेली ऊर्जा जास्त, त्यामुळे ९० टक्क्यांची मर्यादा अगदी निरर्थक नव्हती. तिने भडक्याची शक्यता थोडी कमी होते. फाटलेली पट्टी मात्र तशीच राहते.

सॉफ्टवेअरच्या तपासणीबद्दल वैद्यकाला वाटणारी शंकाही हीच. सॉफ्टवेअर पाहते ते व्होल्टेज, तापमान आणि सेलच्या गटांमधला फरक. बोल्टमध्ये तीन-तीन सेल समांतर जोडलेले आहेत. एकाची प्रकृती बिघडू लागली तरी दोन निरोगी शेजारी गटाचा आकडा सावरून धरतात. लक्षणे दिसण्याआधीच्या आजारात अशी तपासणी चुकून 'सर्व ठीक' म्हणू शकते. कर्करोगाच्या चाळणी तपासणीत असे निकाल नेहमी येतात आणि म्हणूनच ती चाचणी किती वेळा आजार हुकवते, हा आकडा चाचणीबरोबर सांगितला जातो. बोल्टच्या मालकांना तो कुणी सांगितला नाही. त्यांना फक्त 'झाले, घेऊन जा' एवढे सांगितले गेले.

मग सुरू झाले पथ्य. जुलै ते ऑक्टोबर २०२१ या काळात बोल्टच्या मालकांना ज्या सूचना मिळाल्या त्या अशा होत्या: ९० टक्क्यांपुढे चार्ज करू नका, बॅटरी सुमारे ७० मैलांच्या पल्ल्याखाली उतरू देऊ नका, चार्ज झाल्यावर गाडी ताबडतोब उघड्यावर लावा, रात्रभर घरात चार्जिंगला लावू नका. पुढे तर मोठ्या पार्किंगमध्ये इतर वाहनांपासून ५० फूट लांब उभी करा, असेही सांगण्यात आले. काही ठिकाणी पार्किंगवाल्यांनी या गाड्यांना प्रवेश नाही, अशा पाट्याच लावल्या.

पथ्य सांगणाऱ्याला सोपे असते, पाळणाऱ्याला नसते. मधुमेहाच्या रुग्णाला 'तीन वेळा थोडे थोडे खा' म्हणणाऱ्या डॉक्टरला तो रुग्ण दोन पाळ्यांत काम करतो हे ठाऊक नसते, तसेच हे. विजेच्या गाडीचा सगळा हिशेब 'रात्री लावा, सकाळी भरलेली घ्या' यावर उभा आहे. ज्याच्याकडे स्वतःचे अंगण आहे तो गाडी बाहेर काढेल. अपार्टमेंटच्या तळघरात जागा असलेल्याने काय करायचे? ऐन थंडीत पल्ला आधीच घटलेला असताना वरचे दहा टक्के आणि खालचे ७० मैल सोडून दिले तर उरते किती? गाडीचे हप्ते चालू, विमा चालू, आणि गाडी बाजारात विकायला काढली तर घेणार कोण? गाडी घराशेजारी उभी असताना आत मुले झोपलेली आहेत, या विचाराने रात्री उठून खिडकीतून डोकावणे हा त्या काळात अनेक घरांचा परिपाठ झाला होता. या जागरणाची नोंद कुठल्याच अपघाताच्या आकडेवारीत होत नाही.

अशी वेळ आलेले बोल्टचे मालक पहिले नव्हेत. ह्युंदाईने ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण कोरियात २५ हजारांहून अधिक कोना गाड्या परत बोलावल्या आणि सॉफ्टवेअर बदलून दिले. जानेवारी २०२१ मध्ये देगू शहरात ते सॉफ्टवेअर घातलेली एक कोना पेटली. पुढच्याच महिन्यात कंपनीने जगभरातील सुमारे ८२ हजार वाहनांच्या बॅटऱ्या बदलण्याचे ठरवले, त्याचा खर्च सुमारे एक लाख कोटी वॉन इतका होता. त्याही सेलचा पुरवठादार एलजीच, कारखाना मात्र चीनमधील नानजिंगचा. भारतातही डिसेंबर २०२० मध्ये ४५६ कोना तपासणीसाठी परत बोलावल्या गेल्या होत्या. त्याही आधी, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ या फोनबाबत हेच घडले होते. बदलून दिलेले फोनही पेटले आणि अखेर ते मॉडेलच बंद करावे लागले. पहिली दुरुस्ती घाईत, दुसरी बदनामीनंतर, असा हा क्रम आता ओळखीचा झाला आहे. निदान पक्के होईपर्यंत 'दुरुस्ती' हा शब्दच वापरू नये, 'तात्पुरती खबरदारी' म्हणावे, हे कंपन्यांना अजून का सुचत नाही, हे कोडेच आहे. खबरदारी म्हटले असते तर माणूस सावध राहिला असता.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण असे लेख वाचून घाबरणारे बरेच असतात. विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा जास्त पेटते, असे उपलब्ध आकडे सांगत नाहीत. स्वीडनच्या नागरी सुरक्षा यंत्रणेच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये तिथल्या सुमारे ६ लाख ११ हजार विजेच्या मोटारींपैकी २३ पेटल्या. त्याच वर्षी सुमारे ४४ लाख पेट्रोल-डिझेल मोटारींपैकी सुमारे ३,४०० पेटल्या. म्हणजे शेकडेवारी अनुक्रमे ०.००४ आणि ०.०८. जुन्या गाड्या अधिक पेटतात आणि विजेच्या गाड्या अजून तरुण आहेत, हे धरूनही फरक मोठाच आहे. पण सरासरी धोका कमी असणे आणि ठरावीक कारखान्यात, ठरावीक महिन्यांत बनलेल्या बॅटरीचा धोका कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लस एकंदर सुरक्षित असते, म्हणून एखाद्या दूषित खेपेची बाटली वापरायची नसते.

आणि आपल्याकडचा धोका मुख्यतः मोटारीचा नाही, दुचाकीचा आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्यालगत उभी असलेली विजेची स्कूटर धडधडत जळतानाची चित्रफीत देशभर फिरली. त्याच दिवसांत तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि वडील व तेरा वर्षांची मुलगी दगावली. त्यांचा जीव ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. एप्रिल २०२२ मध्ये तीन कंपन्यांनी मिळून साडेसहा हजारांहून अधिक स्कूटर परत बोलावल्या. त्याच महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्र्यांनी निष्काळजी कंपन्यांना दंडाची जाहीर ताकीद दिली होती. बॅटरीच्या चाचण्यांचे नियम नंतर कडक झाले. 'एआयएस १५६' या मानकातील सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. एका सेलमधली आग संपूर्ण बॅटरीत पसरते का, हे त्यांत तपासले जाते. त्याआधी विकल्या गेलेल्या स्कूटर मात्र आजही रस्त्यावर आहेत, आणि त्यांतल्या अनेकींची बॅटरी रोज संध्याकाळी जिना चढून स्वयंपाकघराच्या किंवा दाराजवळच्या प्लगला लागते. आग लागलीच तर बाहेर पडायची वाट तीच असते.

वेल्लोरच्या घटनेतला धूर जरा नीट समजून घ्यायला हवा. लिथियम बॅटरी पेटते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, द्रावकांची वाफ आणि हायड्रोजन फ्लोराइड असे वायू बाहेर पडतात. ज्वाळा दिसण्याआधीच पांढरट, उग्र वासाचा धूर येऊ लागतो. पुष्कळ जण त्याला वाफ समजतात आणि जवळ जाऊन प्लग काढू पाहतात. बंद खोलीत तो धूर साठला तर त्याचा स्फोटही होऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्धी येते, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा रुग्णात चक्क ९८ दाखवतो, कारण त्याला रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. कोविडने घरोघरी पोहोचवलेले हे यंत्र इथे खोटा दिलासा देते. खरे प्रमाण रक्ताच्या विशेष तपासणीनेच कळते आणि ती सोय सर्वत्र नसते. म्हणून धुरातून बाहेर काढलेल्या माणसाला, आकडा काहीही असो, आधी ऑक्सिजन लावतात.

हायड्रोजन फ्लोराइड ओलाव्यात मिसळला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. हे आम्ल त्वचेवर थांबत नाही, आत मुरते आणि शरीरातले कॅल्शियम बांधून घेते. वरून जखम किरकोळ, वेदना मात्र असह्य, असे चित्र दिसले की त्याचा संशय घ्यावा. भरपूर पाण्याने धुणे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हा त्यावरचा उपाय. श्वासातून गेले तर घसा, श्वासनलिका जळतात आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरू शकते. 'आता बरे वाटतेय' म्हणून घरी गेलेला रुग्ण मध्यरात्री धापा टाकत परत येतो, तो यामुळे. बॅटरीच्या धुरात सापडलेल्या माणसाने रुग्णालयात 'भाजलो' किंवा 'धूर लागला' एवढेच न सांगता 'बॅटरीचा धूर' हे शब्द आवर्जून सांगावेत. डॉक्टरांच्या निर्णयात त्याने फरक पडतो.

आग विझवायला लागते ते पाणी, आणि भरपूर पाणी. ते ज्वाळांसाठी नव्हे, सेल थंड करण्यासाठी. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा क्षणभर दबतात, आतले सेल तापलेलेच राहतात आणि तासांनी, कधी दिवसांनीही, पुन्हा पेट घेतात. घरातल्या माणसाचे काम एकच: सगळ्यांना घेऊन बाहेर पडणे, दार ओढून घेणे, १०१ ला फोन करणे. स्कूटर बाहेर ओढून काढायला जाऊ नये.

आता परत बोलावण्याच्या कायद्याकडे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आले आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र देऊ शकते. कंपनीला गाडी दुरुस्त करून द्यावी लागते, बदलून द्यावी लागते किंवा तिचे पैसे परत करावे लागतात. शिवाय वाहनांच्या संख्येनुसार दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बोल्टच्या प्रकरणात खर्च सुमारे २०० कोटी डॉलरवर गेला होता, त्यापुढे एक कोटी रुपये म्हणजे किरकोळच. शिवाय हे नियम सात वर्षांपर्यंतच्या वाहनांसाठी आहेत. विजेच्या मोटारींच्या बॅटरीला मात्र कंपन्या बहुधा आठ वर्षांची हमी देतात. जो भाग सर्वांत महाग आणि वयानुसार जास्त बिघडणारा, त्याचे आठवे वर्ष या नियमांच्या बाहेर राहते.

त्याहून मोठी अडचण माणूस सापडण्याची आहे. वैद्यकात याचा कटू अनुभव आहे. डीप्यू या कंपनीचा एएसआर हा कृत्रिम खुबा २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. त्यातून धातूचे कण झडत होते. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सरकारी समितीचा अहवाल २०१८ मध्ये समोर आला, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागलेला नव्हता. कुणी गाव बदलले होते, कुणाचा फोन क्रमांक गेला होता, कुणाला आपल्या शरीरात कुठल्या कंपनीचा खुबा आहे हेच माहीत नव्हते. वाहनांची नोंद शरीरातल्या खुब्यापेक्षा निश्चितच चांगली ठेवली जाते. पण स्कूटर दुसऱ्याला, तिसऱ्याला विकली जाते, कंपनीकडे नंबर पहिल्या मालकाचाच राहतो, आणि स्वस्तातली बॅटरी बाहेरून बदलून घेतली असेल तर ती कुठल्या खेपेची हे कुणालाच सांगता येत नाही. जुनी विजेची गाडी घेणाऱ्याने आरसी बुकावरचा चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरवर टाकून पाहावा, राहिलेली दुरुस्ती विचारावी आणि आपला मोबाइल क्रमांक तिथे नोंदवून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे. सोसायट्यांनीही चार्जिंगला सरसकट बंदी घालण्यापेक्षा कोणाची गाडी अशा यादीत आहे, एवढे वर्षातून एकदा विचारले तरी पुष्कळ. बंदी घातली की बॅटरी वर घरात जाते.

आणि परत बोलावण्याचे पत्र आलेच तर मालकाने विचारावे: दोषाचे कारण सापडले आहे का, की फक्त खबरदारी आहे? बॅटरी बदलणार की सॉफ्टवेअर? दुरुस्तीनंतर पेटलेल्या गाड्या आहेत का? उत्तरे लेखी मागावीत.

बोल्टच्या मालकांना यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोनदा वेगवेगळे मिळाले. ऑक्टोबर २०२१ पासून नव्या बॅटऱ्या यायला लागल्या, जुन्या गाड्यांना त्या बसवल्याही गेल्या. एलजीने सुमारे १९० कोटी डॉलर सोसले. मात्र जून २०२३ मध्ये कंपनीने २०२० ते २०२२ मधील गाड्यांसाठी मार्ग बदलला. सर्वांच्या बॅटऱ्या बदलण्याऐवजी नवे निदान-सॉफ्टवेअर घालायचे, सुमारे दहा हजार किलोमीटर होईपर्यंत चार्जिंग ८० टक्क्यांवर रोखायचे, त्या काळात दोष दिसला तरच बॅटरी बदलायची, न दिसल्यास मर्यादा उठवायची. देखरेखीखाली ठेवणे ही वैद्यकात मान्य पद्धत आहे, पण ती रुग्णाची संमती घेऊन करतात. इथे अनेकांना आधी नव्या बॅटरीची आशा दाखवली गेली होती. मालक न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये १५ कोटी डॉलरची तडजोड झाली. ज्यांनी ते सॉफ्टवेअर घालून घेतले, ते दहा हजार किलोमीटर पुरे होईपर्यंत ८० टक्क्यांवर गाडी चालवत राहिले.